मंदीतलं समाजवादी शिबीर, धुळे: भरीत एक नंबर, पहिलं सत्र झोपेचं, हिशोबाचं सत्र चुकवू नका

दोन दिवसांचं निवासी शिबीर, फी 500 रुपये, विद्यार्थ्यांना आणि ज्यांचं काम गेलंय त्यांना 100, त्यात चहा नाश्ता दोन वेळचं जेवण आणि झोपायची सोय. विषय होता मंदीच्या काळात समाजवाद्यांनी संघटना कशी बांधायची आणि मोडलेली परत कशी उभी करायची. जागा धुळ्यातलं एक मंगल कार्यालय, लग्नाची तिथी नव्हती म्हणून स्वस्तात मिळालेलं, त्यामुळे स्टेजवर मागे थर्माकोलचं 'शुभविवाह' तसंच लटकलेलं आणि त्याच्यापुढे मार्क्स, फुले आणि साने गुरुजींचे फोटो. आयोजक म्हणजे चार-पाच छोट्या गटांचे लोक, एकमेकांशी फार पटत नाही पण एकत्र आलेत, कुणाचंच नाव वर नको म्हणून बॅनरवर नुसता विषय लिहिलेला. त्यामुळे मीही नावं टाकत नाही.

मी कुठल्या पक्षाचा नाही. जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्यात, हिशोबाचं काम बघतो. गेलो कारण सीझन बेकार चालला होता. सरकारने ऑगस्ट 2025 मध्ये बाहेरच्या कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले मग डिसेंबरअखेरपर्यंत ओढलं, त्याच महिन्यात अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ लावला, सूतगिरण्यांची मागणी थंड, आणि इकडे नवा कापूस दसऱ्याला घरात यायच्या आधीच बाहेरच्या गाठींचे सौदे झालेले. लाँग स्टेपलचा, म्हणजे लांब धाग्याच्या कापसाचा, हमीभाव क्विंटलला 8110 रुपये जाहीर झाला खरा पण खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन घेतो त्यात, तो कुणाला मिळाला हे गावात विचारून बघा. आमच्याकडे दुसरी पाळी लागलीच नाही, अर्धे हमाल घरी. म्हणलं बघू तरी हे लोक काय सांगतात, निदान दोन दिवस मालकाचं तोंड बघायला नको.

पहिलं सत्र पुण्याहून आलेल्या सरांचं. विषय भांडवलशाहीत संकट का येतं. माणूस अभ्यासू आहे, त्याबद्दल शंका नाही, पण दोन तास एका सुरात. माल भरपूर बनतो, पण तो घेणाऱ्याच्याच पगारात मालकाने कात्री लावलेली असते, म्हणून गोदामं भरतात आणि मग कारखाने बंद पडतात, एवढं त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत छान सांगितलं. पुढे नफ्याच्या दराची सूत्रं सुरू झाली आणि मागच्या दोन रांगा झोपल्या. 15 सप्टेंबर 2008 ला लेहमन ब्रदर्स कसं बुडालं ते सगळं झालं, पण खान्देशात बसून कापसाचा एक शब्द नाही याचं मला नवल वाटलं. अहो आपल्या भागाला जगाच्या बाजाराची ओळख 2008 ला नाही झाली. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, भाव आकाशाला भिडले, आपल्याकडे लोकांनी कापसाचा पेरा वाढवला, त्याच दशकात इकडे रेल्वेही आली. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत बँका आणि शेअरच्या कंपन्या बुडाल्या आणि शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला तो अडकलाच. हे सांगितलं असतं तर एकही माणूस झोपला नसता. या सत्राला पाचातले दोन.

दुपारी जळगावच्या एक प्राध्यापिका मॅडम बोलल्या आणि गाडी रुळावर आली. त्यांनी सरळ विचारलं, संकट आलं की लोक आपोआप आपल्याकडे येतात असं कुणाला वाटतं? निम्मे हात वर. मग त्यांनी फळ्यावर जर्मनी लिहिलं. 1932 साली तिथे जवळजवळ 60 लाख बेकार. त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत समाजवादी लोकशाहीवाद्यांच्या 121 जागा, कम्युनिस्टांच्या 100, हिटलरच्या 196. म्हणजे दोघं मिळून 221, त्याच्यापेक्षा जास्त! पण कम्युनिस्ट समाजवाद्यांना 'सोशल फॅसिस्ट' म्हणायचे आणि समाजवादी कम्युनिस्टांकडे बघायला तयार नव्हते, आणि सात-आठ महिन्यांत दोघंही तुरुंगात किंवा देशाबाहेर. शिवाय कम्युनिस्टांचे बहुतेक सभासद तोवर बेकार झालेले होते, त्यामुळे कारखान्यात संप करायला माणूस उरला नव्हता, रस्त्यावर मोर्चे मात्र मोठे. हॉल एकदम शांत झाला कारण हॉलमध्येच एकमेकांकडे न बघणारे तीन गट बसलेले होते.

मग त्यांनी बाजूला स्वीडन लिहिलं. तीच मंदी, तीच बेकारी. 1932 ला तिथले समाजवादी निवडून आले पण बहुमत नव्हतं, म्हणून 1933 ला त्यांनी शेतकऱ्यांच्या पक्षाशी सौदा केला, तिथे त्याला गाईचा सौदाच म्हणतात. शेतकऱ्याच्या लोण्या-धान्याला भावाचं संरक्षण, आणि कामगाराला सरकारी कामावर बाजारभावाने मजुरी. दोघांनीही थोडं थोडं गिळलं. शहरातल्या कामगाराला लोणी महाग पडलं, शेतकऱ्याला कर पटला नाही, पण सरकार टिकलं आणि 1936 च्या उन्हाळ्यातला थोडा काळ सोडला तर 1976 पर्यंत त्याच पक्षाच्या हातात सत्ता राहिली. हे ऐकून मला वाटलं आता कापसावर गाडी येणार. नाही आली. ते रात्री झालं, सांगतो पुढे.

जेवणाचं सांगायलाच पाहिजे. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, वरून कच्चं तेल, दुसऱ्या दिवशी शेवभाजी. भरीत जळगावच्या वांग्यांचं, काटक्यांवर भाजलेलं, त्यात हिरव्या मिरचीचा ठसका आणि कांद्याची पात, एक नंबर. पण पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात सगळ्या बाया आणि हॉलमध्ये बहुतेक पुरुष, आणि स्टेजवर चाललंय शोषणावर व्याख्यान. शहाद्याकडून आलेली एक पावरा या आदिवासी समाजाची बाई होती, तिने प्रश्नोत्तरात माईक घेतला आणि म्हणाली भाषण आम्हालाही ऐकायचं होतं, भाकरी कोण थापणार? कुणाकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या टाकून स्वयंपाकाची पाळी लावली आणि पुरुषांच्या पाळीत शेवभाजी खारट झाली, पण ती खारट शेवभाजी सगळ्यांनी गुपचूप खाल्ली. आयोजकांना याचं श्रेय द्यायला हवं की त्यांनी चिडचिड केली नाही. अर्थात धुळ्यात, जिथे शरद पाटलांनी 1978 ला मार्क्सवादी पक्ष सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला तो जात आणि स्त्रीदास्य वर्गाच्या खाली झाकलं जातं या मुद्द्यावर, तिथे हे कुणीतरी आठवण करून द्यावं लागतं म्हणजे कमालच.

त्याच बाईने संध्याकाळी शहाद्याची गोष्ट सांगितली, तिच्या सासूकडून ऐकलेली. ते सत्रात नव्हतंच, तिला कुणी बोलवलंही नव्हतं बोलायला, चहाच्या वेळी बोलली. 1972 चा दुष्काळ, आदिवासींच्या जमिनी आधीच गेलेल्या, सालदारकी, मजुरी नावापुरती. अंबरसिंग महाराज गावोगाव भजन करत फिरायचे, भजन संपलं की जमिनीचं बोलायचे. त्यात बाहेरून शिकलेली पोरं येऊन मिळाली, 1972 ला श्रमिक संघटना उभी राहिली, जमिनी परत मागितल्या, मजुरी वाढवून मागितली आणि मग बाया उठल्या दारूविरुद्ध, गावागावात जाऊन भट्ट्यांची मडकी फोडली. अंबरसिंग महाराज 1974 ला गेले. ती म्हणाली की दुष्काळ सगळीकडे होता, पण जिथे भजनाचं मंडळ आधीपासून होतं तिथेच लोक उभे राहिले. पुण्याच्या सरांच्या दोन तासांपेक्षा हे पंधरा मिनिटांचं भारी होतं भो. आणि हे कार्यक्रमपत्रिकेत नाही! पुढच्या वेळेस आयोजकांनी याला अख्खं सत्र द्यावं आणि मानधनही.

आता मुख्य. दुसऱ्या दिवशी सकाळी शिरपूरकडचे एक रिटायर एसटी कंडक्टर आले. कानाला पेन, हातात लांबट वही. विषय पत्रिकेत 'संघटनेची आर्थिक बाजू' असा लिहिलेला, त्यामुळे निम्मे लोक बाहेर तंबाखू मळत उभे. त्यांनी सुरुवातीलाच एका कार्यकर्त्याला उभं केलं आणि विचारलं तुमच्या संघटनेत लोक किती? तो म्हणाला बरेच आहेत. "बराच म्हंजे कितला भाऊ?" दोनशे असतील. वर्गणी देणारे? तो गप्प. मागच्या महिन्यात कुणी दिली? परत गप्प. मग म्हणाले बसा, तुमची संघटना नाही, तुमची ओळख-पाळख आहे. हॉल हसला पण तो पोरगा लाल झाला, बिचारा.

त्यांनी मग स्वतःचं सांगितलं. 2021 च्या ऑक्टोबरअखेरीस एसटीचा संप सुरू झाला, राज्य सरकारमध्ये विलीनीकरणाची मागणी, एप्रिल 2022 पर्यंत चालला. पहिला महिना सगळे वाघ. दुसऱ्या महिन्यात किराणावाला उधारी बंद करतो, शाळेची फी येते, हप्तेवाला दारात बसतो. ज्या चार-सहा जणांनी आधीपासून आपापसात महिना वर्गणी काढून पेटी ठेवली होती त्यांच्या घरात संप सोसला गेला आणि बाकीचे एकेक करून परत कामावर जायला लागले, भित्रे होते म्हणून नाही, घरात पीठ नव्हतं म्हणून. त्यांचं म्हणणं की मुंबईच्या 1982 च्या गिरणी संपातही अडीच लाख माणूस बाहेर होता आणि तो वर्षभर तगला तो गावाकडच्या ज्वारीवर. आता गावाकडे ज्वारी राहिली नाही, कापूस झाला, तो खाता येत नाही. हे मला आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं.

मग पद्धत. महिना 20 रुपये, त्याहून जास्त घ्यायचे नाहीत कारण जास्त देणारा लगेच पुढारी होतो. दर सभासदाला छापील कार्ड. खात्यावर दोन सह्या, त्यातली एक बाईची. आणि दर महिन्याच्या बैठकीत भाषणाच्या आधी जमाखर्च मोठ्याने वाचायचा, चहाच्या कपापर्यंत. मी हिशोबाचा माणूस, मला हे आवडणारच, पण मी बघत होतो, बाहेर तंबाखू मळणारे एकेक करून आत आले. आपल्या भागात पतसंस्था बुडून म्हाताऱ्या माणसांच्या ठेवी गेल्यात, त्यामुळे 'सहकार' म्हणलं की लोक खिसा धरतात, आणि यात लोकांची काही चूक नाही. सहकारातून कारखाने उभे राहिले, मग त्यातून आमदार उभे राहिले, आणि सभासद शेवटी वार्षिक सभेच्या जिलेबीपुरता उरला. कंडक्टर काका म्हणाले म्हणूनच आपल्याला शून्यापासून नाही, शून्याच्याही खालून सुरुवात करायची आहे.

उदाहरणं त्यांनी मोजकीच दिली पण नेमकी. इंग्लंडात रॉचडेलला 1844 साली, संप मोडलेला, घरात उपासमार, 28 जणांनी, त्यात बरेच विणकर, आठवड्याला दोन-तीन पेन्स साठवत 28 पौंड जमवले आणि दुकान टाकलं. माल काय तर पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. भेसळ नाही, वजन चोख, उधारी बंद. दुसरं केरळचं दिनेश बिडी. विडी कामगारांचा 1966 चा कायदा केरळात लागू करायचा म्हणल्यावर मंगळूरकडच्या मालकांनी कन्नूरमधली कामं बंद केली, जवळपास 12,000 कामगार घरी. 1969 ला त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, सरकारने भांडवलाला हात दिला, युनियन आधीपासून मजबूत होतीच. पुढे विडीच बसली तेव्हा त्यांनी मसाले, लोणची, छत्र्या असं काय काय सुरू केलं. तिसरं आपलं पुण्याचं, बाबा आढावांच्या हमाल पंचायतीचं 'कष्टाची भाकर', 1974 पासून. दुष्काळ आणि महागाईच्या काळात हमालाला पोटभर स्वस्त जेवण, तेही भीक म्हणून नाही, आपल्या संघटनेचं. शिवाय 1969 चा माथाडी कायदा आहेच, त्यातून महाराष्ट्रात हमालाला बोर्ड, पीएफ वगैरे मिळालं. मी मनात म्हणलं आमच्या जिनिंगला त्यातलं काय काय लागू आहे हे मालकाला विचारून बघावं, मग म्हणलं राहू दे, आधी हमालांना विचारावं.

या सत्रावर माझा एक आक्षेप आहे. पेटी, भाकरी, दुकान हे सगळं ठीक, पण स्पेनमधल्या माँद्रागोनसारख्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कामगार-सहकारी समूहातली फॅगोर ही फ्रिज-कुकर बनवणारी कंपनीसुद्धा 2013 ला मंदीत बुडाली. म्हणजे बाजारात उतरलात की बाजाराचे फटके बसणारच, मालक कामगार असला तरी. हे मी विचारलं. काका म्हणाले बरोबर आहे, म्हणून दुकान हे युनियनच्या खाली पाहिजे, युनियन दुकानाच्या खाली नको. उत्तर चटपटीत होतं, माझं पूर्ण समाधान झालं नाही, पण निदान प्रश्न टाळला नाही त्यांनी.

कायद्याचं सत्र दुपारी झालं, ते लवकर आटोपतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, 29 जुने कायदे त्यात गेले. आधी 100 कामगार असले की कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची, आता 300. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत चटईचे, पाइपचे, डाळीचे कारखाने बघा, 300 वाले किती निघतील? शिवाय संपाला 14 दिवसांची नोटीस सगळीकडेच. वकील साहेबांनी नीट सांगितलं पण स्लाइड सगळ्या इंग्रजीत होत्या, शेवटी एका पोराने उभं राहून तोंडी मराठी केलं. तीन द्या.

आता रात्रीचं. गच्चीवर गाद्या टाकलेल्या, डास इतके की झोप शक्यच नव्हती, आणि तिथे खरं शिबीर झालं. चोपड्याकडचा एक कापूसवाला शेतकरी, पाच एकरवाला, आणि शहाद्याकडची तीन-चार पोरं जी वेचणीला जातात. शेतकरी म्हणाला वेचणीला किलोमागे दहा-बारा रुपये द्यावे लागतात, खत, फवारणी, बियाणं, भाव पडलेला, मी मजुरी वाढवू कुठून? पोरं म्हणाली दिवसभर वाकून किती किलो होतो तुम्हीच वेचून बघा, आणि गाडीभाडं आमच्याच अंगावर. आवाज चढले. कुणीतरी म्हणालं दोघांचा शत्रू एकच, भांडवलदार. त्यावर दोघांनीही त्या माणसाकडे असं बघितलं की तो झोपायला निघून गेला.

मला विचाराल तर खान्देशात समाजवाद्यांचं सगळं गाडं इथे अडलेलं आहे. मजुरीची मागणी करणारे आणि भावाची मागणी करणारे वेगवेगळ्या मंडपात बसतात, आणि मंदीत तर एकमेकांच्या अंगावर जातात. मॅडमनी दुपारी स्वीडन सांगितलं होतं, तेच इथे गच्चीवर बसलेलं होतं, फक्त सौदा लावून द्यायला कुणी नव्हतं. आणि हे आपल्याला नवीन थोडंच आहे. फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष नेहरू. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव झोपवलेले, आणि तिथे शेतीचा कार्यक्रम मंजूर झाला, सारा-खंड कमी करा, कर्जवसुली थांबवा. किसान सभाही तिथेच भरली होती. काँग्रेसमधला समाजवादी पक्ष तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा, नाशिकच्या तुरुंगात बसलेल्या पोरांनी आखून 1934 ला काढलेला. म्हणजे मंदी, तुरुंग, हरलेलं आंदोलन या सगळ्यातून दोन-चार वर्षांत ती माणसं कार्यक्रम घेऊन आमच्या रावेर-यावल पट्ट्यात पोचली होती. नंतर किती वेळा फुटले ते सोडा, 1955 ला फुटले, 64 ला जोडले, परत फुटले, ते सांगायला वेगळं शिबीर लागेल आणि त्याला मी येणार नाही.

तर गच्चीवर रात्री एकच्या सुमारास शहाद्याच्या पोरांपैकी एकजण म्हणाला, तुम्ही सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, सेंटरवर हमीभावाने विका, आम्ही सेंटर सुरू करा म्हणून तुमच्याबरोबर तहसीलला बसतो, पण हमीभाव मिळाला तर किलोमागे दोन रुपये वाढवून आधी लिहून द्या. शेतकरी बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, दीड. यावर सगळे हसले आणि पोरगं म्हणालं बघू. आता हे पुढे झालं की नाही मला माहीत नाही, पण सकाळी दोघं एकाच बाकावर पोहे खात होते आणि फोन नंबर दिले-घेतलेले मी बघितले. आयोजकांपैकी एकानेही ते वहीत उतरवून घेतलं नाही, कारण ते सगळे खाली एसी हॉलमध्ये ठराव लिहीत होते.

ठराव सहा पानी झाला. वाचून दाखवताना लोकांनी चपला घालायला सुरुवात केली होती.

बाकी सोयींचं. संडास स्वच्छ, पाणी जारचं, बायांना झोपायला वेगळी खोली आणि तिला आतून कडी होती, हे मुद्दाम लिहितोय कारण सगळ्या शिबिरांत नसतं. पुस्तकांचं टेबल चांगलं पण जुनी पुस्तकं छापील किमतीपेक्षा महाग लावलेली, ते बरं दिसत नाही. माईक दर दहा मिनिटांनी किंचाळत होता.

एकूण पाचातले साडेतीन, त्यातला दीड एकट्या कंडक्टर काकांचा. पोराला कॉलेजात राजकारण शिकायचंय म्हणून पाठवणार असाल तर पहिलं सत्र सोडून पाठवा. ज्यांचं काम सुटलंय, ज्यांच्या कारखान्यात सात-आठ जण तरी बोलायला तयार आहेत, त्यांनी मात्र जरूर जावं, 100 रुपयांत एवढं कुठे मिळत नाही. पुढचं शिबीर शहाद्याला पोळा झाल्यावर ठेवतायत म्हणे. ओडोमॉस, स्वतःची ताट-वाटी आणि एक कोरी वही घेऊन जा, आणि गच्चीवरच झोपा.